रक्तबीजाचे थेंब

आमचे मामा सांगोला तालुक्यातले. त्यांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या पंढरपुरी म्हशी आहेत. तलवारीसारख्या लांब, मागे वळलेल्या शिंगांच्या, अंगाने आटोपशीर आणि दुधाला खात्रीच्या. त्यांतली सावळी नावाची म्हैस साऱ्या घराची लाडकी. तिची सात वेते झाली. पण कधी कास सुजली नाही, कधी गाभण राहायला तिने त्रास दिला नाही, की धारेच्या वेळी लाथ उचलली नाही. गेल्या दिवाळीत मी गेलो असताना मामा तिच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाले, "काय रे, तुम्ही कॉलेजातली माणसं. ते क्लोनिंग का काय म्हणतात, त्यानं हिचीच दुसरी सावळी करता येते म्हणे. खरं का? हिला चार रेड्या झाल्या, पण एकीलाही आईचा गुण नाही आला."

मी मोठ्या ऐटीत "हो" म्हणालो. त्यावर मामांनी दुसरा प्रश्न टाकला, "मग सगळे का करीत नाहीत?" ह्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असा काही नियम नाही. म्हणून गेले काही महिने मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे. हा लेख खरे म्हणजे मामांना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

नवरात्रात देवीमाहात्म्य ऐकणाऱ्यांना रक्तबीज राक्षस ठाऊक असतो. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून त्याच्यासारखाच दुसरा राक्षस उभा राही. क्लोनिंगविषयी आपली सर्वसामान्य समजूत जवळजवळ अशीच असते. जनावराच्या कातडीचा तुकडा घ्यावा, आणि त्याच्या प्रत्येक कणातून हुबेहूब तसेच जनावर काढावे! प्रत्यक्षात काय घडते? स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली नावाची मेंढी जन्माला आली. इयान विल्मुट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशींपासून ती घडवली होती. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेला तो पहिला सस्तन प्राणी. परंतु त्यासाठी त्यांनी २७७ भ्रूण जुळवले होते. त्यांपैकी केवळ २९ पुढच्या अवस्थेपर्यंत पोहोचले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत सोडले आणि जन्माला आले एकच कोकरू. रक्तबीजाचे २७७ थेंब सांडले आणि एकच उभा राहिला. मग उरलेले २७६ कोठे गेले? ह्या प्रश्नातच आपल्या विषयाचे मर्म आहे. कारण त्यांपैकी बहुतेक सारे पहिल्या सात दिवसांतच संपले होते.

पहिले सात दिवस

आधी नैसर्गिक क्रम पाहू. गाईची किंवा म्हशीची अंडपेशी एका मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी असते. नुसत्या डोळ्यांना ती जेमतेम ठिपक्यासारखी दिसेल. परंतु शरीरातील इतर पेशींच्या मानाने ती राक्षसी मोठी होय. तिच्यात भावी गर्भासाठी शिदोरी भरलेली असते: प्रथिने, ऊर्जा निर्माण करणारे घटक आणि आईने आगाऊ लिहून ठेवलेले निरोप.

शुक्रजंतू आत शिरला की अंडपेशी जागी होते. तिच्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि त्या एकदाच उठून थांबत नाहीत. काही तास पुनःपुन्हा उठत राहतात. मग एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा पेशी होत जातात. ह्या काळात भ्रूण आकाराने वाढत नाही. केवळ विभागला जातो. अंडवाहिनीतून गर्भाशयाकडे त्याचा प्रवास चालू असतो. सातव्या दिवसाच्या सुमारास त्याची द्रवाने भरलेली पोकळ गोळी बनते. तिला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. तिच्यात शंभर-सव्वाशे पेशी असतात आणि त्यांची पहिली वाटणी येथेच होते. आतल्या बाजूचा पुंजका पुढे वासरू होतो. बाहेरच्या थरापासून वारेचा मोठा भाग बनतो. ही वाटणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या सात दिवसांत एक नाजूक वळण येते. सुरुवातीला भ्रूण आईच्या शिदोरीवर जगतो. त्याची स्वतःची जनुके गप्प असतात. शिदोरी संपत येते तेव्हा त्याला स्वतःचा कारभार हाती घ्यावा लागतो. उंदरात हे वळण दोन पेशींच्या अवस्थेत येते, डुकरात चार पेशींच्या, तर गाय, म्हैस आणि मेंढी ह्यांत आठ ते सोळा पेशींच्या. वडिलार्जित पैशावर चालणारे घर आणि मुलगा कमावता होण्याचा दिवस, असा हा सांधा. तो दिवस चुकला की घर बसते. प्रयोगशाळेतले असंख्य भ्रूण नेमके ह्याच ठिकाणी थांबतात.

केंद्रकाची अदलाबदल

क्लोनिंगमध्ये शुक्रजंतूला जागाच नसते. कृती थोडक्यात अशी: पक्व अंडपेशी घ्यायची आणि तिची स्वतःची गुणसूत्रे काढून टाकायची. ज्या जनावराची प्रतिकृती हवी त्याच्या कानाच्या किंवा शेपटीच्या कातडीतील एक पेशी, तिच्या केंद्रकासह, त्या रिकाम्या अंडपेशीला चिकटवायची. विजेचा हलका झटका दिला की दोन्ही एकजीव होतात. मग रसायनांच्या साह्याने अंडपेशीला 'शुक्रजंतू आला आहे' असा भास करून द्यायचा. ती फसली तर विभागू लागते. सात दिवस तिला पोषक द्रवात वाढवायचे आणि ब्लास्टोसिस्ट झाला की माजाचे दिवस जुळवून ठेवलेल्या दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात सोडायचा. गाय असेल तर पुढे नऊ महिने, म्हैस असेल तर दहा महिने वाट पाहायची.

ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ हान्स श्पेमान ह्यांनी १९३८ साली असा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे असे सुचवले होते. १९५२ साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि किंग ह्यांनी बेडकाच्या भ्रूणातील केंद्रके वापरून तो यशस्वी केला. पुढे इंग्लंडमध्ये जॉन गर्डन ह्यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशींची केंद्रके वापरली आणि त्यांपासूनही बेडूक होऊ शकतात हे दाखवले. ह्या कामाबद्दल त्यांना २०१२ साली शिन्या यामानाका ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ साली स्टीन विलाडसेन ह्यांनी मेंढीच्या कोवळ्या भ्रूणातील केंद्रकांपासून कोकरे जन्माला घातली. ह्या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती: केंद्रक जितके कोवळ्या पेशीचे, तितके यश अधिक, पेशी जितकी मुरलेली, तितके यश कमी. असे का व्हावे?

पेशीला स्वतःचा विसर पडत नाही

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची कल्पना करा. समजा, प्रत्येक पेशीत असे एक ग्रंथालय आहे आणि सर्व पेशींत ग्रंथ तेच आहेत. मात्र कातडीच्या पेशीत कातडीच्या कामाची कपाटे तेवढी उघडी, बाकीच्यांना कुलपे. यकृताच्या पेशीत निराळी कपाटे उघडी. कुलपे वेगवेगळ्या तऱ्हांची असतात. काही ठिकाणी जनुकाच्या धाग्यावरच मिथिल नावाची लहानशी रासायनिक खूण चिकटवलेली असते. काही ठिकाणी धागा ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, ती रिळे इतकी घट्ट दाबलेली असतात की ग्रंथ उघडताच येत नाही. ही कुलपे आवश्यकही आहेत. ती नसती तर कातडीच्या पेशीने एखाद्या दिवशी यकृत व्हायचे मनात घेतले असते.

शुक्रजंतूचे ग्रंथालय वेगळ्या रीतीने बांधून आलेले असते. अंडपेशीला ती बांधणी ओळखीची असते. लाखो वर्षांचा सराव आहे. शुक्रजंतूतील खास प्रथिने ती भराभर काढते, आपली रिळे बसवते, खुणा पुसते. कातडीच्या पेशीचे केंद्रक मात्र तिला अनोळखी असते. त्यावरची कुलपे निराळी, संख्येने अधिक, आणि ती उघडण्यासाठी मिळणारा वेळ काही तासांचा, फार तर दोन-तीन दिवसांचा. कारण आठ-सोळा पेशींचे वळण वाट पाहत असते. तोपर्यंत भ्रूणाची कपाटे उघडली नाहीत तर तो तेथेच थांबतो; अर्धवट उघडली तर पुढे जातो, पण आत दोष घेऊन जातो.

हाच तो २७६ थेंबांचा हिशेब. हात थरथरला, वीज जास्त झाली, द्रव बिघडला, अशीही कारणे असतात; पण मुख्य कारण हे, की पेशी आपले पूर्वायुष्य विसरत नाही.

सुधारणेच्या वाटा

डॉलीनंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी पहिल्या सात दिवसांवर बरीच मेहनत घेतली. तिच्या पाच मुख्य वाटा सांगतो.

पहिली वाट अंडपेशीच्या निवडीची. बहुतेक ठिकाणी अंडाशये कत्तलखान्यातून कोमट क्षारजलात घालून आणतात, त्यांतील अंडपेशी सुईने शोषून घेतात आणि ३८.५ अंश सेल्सियसला सुमारे एक दिवस पक्व होऊ देतात. बाहेरून पक्व दिसणारी प्रत्येक अंडपेशी आतून पक्व नसते. शिदोरी अपुरी असेल तर केंद्रक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. म्हणून भोवती सहाय्यक पेशींचे दाट वेष्टन असलेल्या आणि आतील द्रव एकसारखा दिसणाऱ्या अंडपेशीच निवडतात. बियाणे निवडून घेणाऱ्या शेतकऱ्याला हे नवीन नाही.

दुसरी वाट वेळ जुळवण्याची. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या गुणसूत्रांची दुप्पट करते. अशा दुपटीच्या मध्यात असलेले केंद्रक अंडपेशीत घातले तर गुणसूत्रांची मोडतोड होते. रोझलिनच्या मंडळींनी येथे एक साधी युक्ती केली. कासेच्या पेशींच्या आहारातील रक्तद्रव त्यांनी १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणला आणि पाच दिवस त्यांना जणू उपवास घडवला. पेशी विभागायच्या थांबून स्वस्थ बसल्या. अशा स्वस्थ पेशीचे केंद्रक अंडपेशीच्या तालाशी जुळून गेले. डॉलीच्या यशात ह्या उपवासाचा मोठा वाटा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरी वाट जागृतीची. शुक्रजंतूमुळे कॅल्शियमच्या लाटा तासन्‌तास येतात. रसायनाने येते ती बहुधा एकच मोठी लाट. म्हणून एका औषधाने लाट उठवायची आणि लगेच दुसऱ्या औषधात काही तास ठेवून अंडपेशीला पुन्हा झोपू द्यायचे नाही, अशी दुहेरी पद्धत रूढ झाली. औषधाचे प्रमाण आणि वेळ ह्यांत थोडाही फरक पडला तर ब्लास्टोसिस्टची संख्या घटते.

चौथी वाट कुलपे उघडण्याची; आणि नव्या ज्ञानाचा खरा उजेड येथेच पडला. २००६ साली जपानमध्ये उंदरांच्या क्लोन भ्रूणांना पहिले काही तास ट्रायकोस्टॅटिन नावाच्या औषधात ठेवले गेले. हे औषध प्रथिनांची घट्ट रिळे सैल राखते. उंदरांतील यश पाचपटींहून अधिक वाढले. गाईगुरांत मात्र त्याचे निकाल एकसारखे आले नाहीत. कोठे लाभ दिसला, कोठे मुळीच नाही. २०१० साली जपानमध्येच आणखी एक दोष सापडला. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एक झाकून ठेवणारे एक जनुक असते. उंदरांच्या क्लोन भ्रूणांत ते जनुक नको तेथेही काम करीत होते आणि उघडे असायला हवे ते गुणसूत्रही झाकू पाहत होते. त्याला आवर घातल्यावर जिवंत पिलांचे प्रमाण आठ-नऊ पटींनी वाढले. पुढे २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांत दाखवले, की केंद्रकातील काही ठरावीक भाग कुलपे उघडू देतच नाहीत. तेथे रिळांवर एक विशिष्ट मिथिल खूण घट्ट बसलेली असते. ती खूण काढणारे प्रथिन तयार करण्याचा निरोप भ्रूणात टोचला तेव्हा अडून बसलेले भ्रूण पुढे सरकले. हीच युक्ती आणि ट्रायकोस्टॅटिन ह्यांच्या जोरावर शांघायमध्ये दोन माकडिणी जन्मल्या. झोंग झोंग आणि हुआ हुआ ही त्यांची नावे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांची वार्ता प्रसिद्ध झाली. परंतु त्या दोघींसाठी २१ माकडिणींच्या पोटी ७९ भ्रूण सोडावे लागले होते, हेही तिथेच नोंदलेले आहे.

पाचवी वाट घराची, म्हणजे भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्या द्रवाची. ह्या वाटेवरच्या काही हकिकती मोठ्या गमतीच्या आहेत. एके काळी बाहेर काढलेला भ्रूण जिवंत कसा ठेवावा हेच माहीत नव्हते. १९६२ साली इंग्लंडमधून मेंढ्यांचे भ्रूण दक्षिण आफ्रिकेला पाठवायचे होते. ते सशाच्या अंडवाहिनीत ठेवले, ससा विमानाने गेला, आणि तिकडे मेंढ्यांच्या पोटी कोकरे जन्मली! खुद्द डॉलीचेही पहिले सहा दिवस काचेच्या बशीत गेलेले नाहीत. एका मेंढीच्या बांधून ठेवलेल्या अंडवाहिनीत गेले. १९७२ साली टर्विट, व्हिटिंगहॅम आणि रोसन ह्यांनी मेंढीच्या अंडवाहिनीतील स्रावाचे पृथक्करण पाहून तसाच कृत्रिम द्रव बनवला. त्याच द्रवाच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरल्या जातात. पुढे त्यात अमिनो आम्ले घातली गेली. अंडवाहिनीत हवेपेक्षा प्राणवायू बराच कमी असतो हे ध्यानात घेऊन पेटीतील प्राणवायू २१ टक्क्यांऐवजी ५ टक्क्यांवर आणला गेला. प्राणवायूच्या जाचक रूपांपासून भ्रूणाचा बचाव करणारे पदार्थही घातले जाऊ लागले.

ह्या वाटेवर एक धडाही मिळाला. भ्रूण जोमाने वाढावेत म्हणून द्रवात रक्तद्रव घालीत. ब्लास्टोसिस्ट लवकर व भरपूर होत, सारे खूश. पण महिन्यांनी जन्मलेली काही कोकरे आणि वासरे नेहमीपेक्षा बरीच जड निघाली. प्रसूती अडली, श्वास नीट लागेना, काही दगावली. २००१ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी दाखवले, की अशा कोकरांत वाढीला लगाम घालणाऱ्या एका जनुकावरची मिथिल खूण पहिल्या आठवड्यातील त्या बशीतच पुसली गेली होती. पहिल्या सात दिवसांत काय खाऊ घातले ह्याची नोंद जनावराच्या शरीरात राहते, हा तो धडा.

करनालच्या रेड्या

आपल्या देशातली हकिकत ह्याच वाटेवरची आहे. हरियाणात करनाल येथे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी महागड्या सूक्ष्मदर्शी यंत्रहातांऐवजी हाती करायची पद्धत स्वीकारली. हंगेरीचे गाबोर वाय्‌ता ह्यांच्या कामातून पुढे आलेली ही पद्धत. अंडपेशीचे बाहेरचे कवच विकराने विरघळवायचे, गुणसूत्रे असलेला भाग बारीक पात्याने हातानेच कापून टाकायचा, आणि कापण्यात गेलेला ऐवज भरून काढण्यासाठी अशा दोन रिकाम्या अंडपेशी एका शरीरपेशीला जोडायच्या. शिदोरी पुन्हा पुरेशी होते. कवच नसल्यामुळे भ्रूण विस्कटू नये म्हणून बशीच्या तळाला सुईने लहान लहान खळगे पाडून प्रत्येकाला त्याचा खळगा देता येतो. खर्च कमी, यंत्रे कमी. हाताला मात्र सराव हवा.

६ फेब्रुवारी २००९ रोजी करनालला समरूपा नावाची रेडी जन्मली. म्हशीचे हे जगातले पहिले हाती केलेले क्लोन. ती आठवडाभरही जगली नाही. त्याच वर्षी ६ जूनला गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून थोडी अधिक जगली. २२ ऑगस्ट २०१० रोजी जन्मलेली दुसरी गरिमा मात्र मोठी झाली, गाभण राहिली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिला महिमा नावाची रेडी झाली. क्लोन केलेली म्हैस नेहमीच्या रीतीने वीत होऊ शकते हे त्यातून दिसले. २०१४ साली एका मृत रेड्याच्या गोठवून ठेवलेल्या वीर्यातून शरीरपेशी वेगळ्या काढून त्यांपासून रजत नावाचा रेडा जन्माला घातला गेला. १६ मार्च २०२३ रोजी तेथेच गंगा ही गीर जातीची वासरी जन्मली. जन्मतः वजन ३२ किलो. तिच्यासाठी लागलेल्या अंडपेशी जिवंत साहिवाल गाईंच्या अंडाशयांतून सुईने काढल्या होत्या आणि तिला पोटात वाढवले एका संकरित गाईने. म्हणजे एका वासरीच्या मागे तीन जातींच्या गाई उभ्या होत्या.

समरूपा ते दुसरी गरिमा हे अंतर अवघ्या दीड वर्षाचे आहे. ते अंतर तोडण्यासाठी किती बशा धुतल्या गेल्या असतील, किती रात्री पेटीचे तापमान पाहण्यात गेल्या असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

मोजणी कशाची करायची?

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे जरूर आहे. सुधारणा झाली असे आपण कशावरून म्हणतो? बहुतेक निबंधांत ब्लास्टोसिस्टची टक्केवारी दिलेली असते, आणि ती खरोखर वाढली आहे. अनुभवी हातांत गाईच्या शंभर क्लोन भ्रूणांतून तीस-चाळीस ब्लास्टोसिस्ट होतात. टेस्टट्यूब पद्धतीने फळवलेल्या भ्रूणांतही साधारण तेवढेच होतात. डॉलीच्या वेळच्या मानाने ही झेप मोठी आहे. परंतु पुढे काय? गर्भाशयात सोडलेल्या शंभर क्लोन भ्रूणांतून वासरे मिळतात ती साधारण पाच ते दहा. सूक्ष्मदर्शकाखाली सुबक दिसणारी गोळी आणि गोठ्यात उभे राहणारे वासरू ह्यांत मोठी दरी आहे.

ह्या दरीचे मुख्य कारण वार. मघाशी सांगितलेली पहिली वाटणी आठवा: आतला पुंजका वासराचा, बाहेरचा थर वारेचा. क्लोन भ्रूणांत बाहेरच्या थराची कपाटे बहुधा नीट उघडलेली नसतात. वार धड बनत नाही. तिला आईशी जोडणारे गाठोडे कमी पडतात आणि असतात ते फुगतात, गर्भाभोवती पाणी साचते. काही गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जातात, काही अगदी शेवटी. १९९८ साली जपानमध्ये एका गाईच्या पेशींचे १० भ्रूण सोडून ८ वासरे मिळाली तेव्हा जगाने आश्चर्य केले. पण त्या आठांपैकी चार जन्मतःच किंवा थोड्याच काळात दगावली. तेव्हा सुधारणेचे माप बशीत नव्हे, गोठ्यात घ्यायला हवे. आता संशोधकही ब्लास्टोसिस्टच्या संख्येवर न थांबता त्यात आतल्या आणि बाहेरच्या पेशी किती, कोणती जनुके जागी, कोणत्या खुणा पुसल्या गेल्या, हे पाहू लागले आहेत. पीक किती उगवले ह्याबरोबरच दाणा भरला का, हे पाहणे आले.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे गेलो आणि हे सारे त्यांना सांगितले. सावळीच्या कानाचा कातडीचा तुकडा घेऊन तिच्या पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे ठेवता येतील. त्यांपासून भ्रूण करता येतील. वीस म्हशींच्या पोटी ते सोडले तर एखादी-दुसरी सावळी मिळूही शकेल. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या बाकीच्या अठरा-एकोणीस म्हशी? त्यांचं ते वर्ष गेलं की. एखादीचं पोट पाण्यानं फुगलं, विताना अडली, तर तिच्या धन्याला काय सांगायचं?"

एवढ्या वाचनात मला हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कोठे भेटला नव्हता. पहिल्या सात दिवसांवरच्या साऱ्या संशोधनाचा अर्थ त्यात होता. बशीत भ्रूण सुधारला नाही तर त्याच्या चुकीची किंमत बशीला द्यावी लागत नाही. उसने पोट देणाऱ्या मुक्या जनावराला द्यावी लागते. म्हणून दोष असलेला भ्रूण गर्भाशयात जाण्यापूर्वीच ओळखता येणे, ही मला ह्या विषयातली सर्वांत मोठी गरज वाटते.

आणखी एक गोष्ट मी मामांना सांगितली. शंभर सावळ्या झाल्या तरी त्या सर्व एकाच साच्याच्या. एखादा रोग सावळीला न झेपणारा आला तर शंभरही जणींना झेपणार नाही. शिवाय सावळीचा गुण सगळाच तिच्या केंद्रकात नाही. तिला मिळालेला चारा, ओढ्याकाठचे डुंबणे, धारेला बसणारा ओळखीचा हात, ह्यांचे क्लोनिंग होत नाही. त्यामुळे हे तंत्र उपयोगी पडेल ते मोजक्या ठिकाणी: उत्तम सिद्ध वळूचा वंश राखायला, किंवा नष्ट होत चाललेल्या जातीच्या पेशी जपून ठेवायला. रोजच्या गोठ्यात चांगल्या आईचा रेडा निवडणे, दुधाच्या नोंदी ठेवणे, कृत्रिम रेतनाची वेळ साधणे, हेच मार्ग अजून स्वस्त आणि खात्रीचे आहेत.

"म्हणजे तुझं उत्तर 'हो' होतं, ते 'हो' नव्हतं," मामा म्हणाले. मी म्हटले, "हो आहे मामा, पण थोडं थांबायला लागेल." त्यांनी सावळीच्या धाकट्या रेडीकडे पाहिले. तिचे नाव अजून ठेवलेले नव्हते. "तोवर हिच्याकडे नीट बघू," असे म्हणून ते वैरण टाकायला उठले. मीही एक पेंढी उचलून त्यांच्यामागे गेलो.